डबे मी भरले होते

सरांनी माझा हात हाताने धरला नाही. लाकडी पट्टी माझ्या पंजाखाली घातली, पंजा वर उचलला आणि त्यावर यंत्र धरलं. किरणोत्सार मोजायचं यंत्र. टिक. टिक-टिक. समोर तीन शाळांची मुलं रांगेत उभी होती. त्या दिवशी कॉलेजची अणुभौतिकीची प्रयोगशाळा शाळांसाठी उघडी होती.

सर म्हणाले, "ही दिवसभर दगडाची भुकटी चिवडते. तरी बघा, यंत्राला हिच्या हातावर काही सापडत नाही." मग जरा थांबले. "अर्थात, काही बाटणं पिढ्यांचं असतं. ते यंत्रात दिसत नाही."

शिक्षक हसले. शिक्षक हसले म्हणून मुलं हसली. रांगेत माझ्या चुलतभावाची मुलगी होती, सातवीतली. ती हसली नाही. खाली बघत राहिली.

मी हसले. हे सांगताना आजही जीभ जड होते. पण खरं आहे. मीही हसले.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव हातखंब्याच्या पुढे. बाबा चिरेखाणीवर चिरे काढतात. ज्या तांबड्या दगडात आमच्याकडची सगळी घरं उभी आहेत, तो चिरा. त्या चिऱ्यात नैसर्गिक किरणोत्सार किती, हे मोजायचा माझा प्रकल्प, सरांच्या मार्गदर्शनाखाली. वेगवेगळ्या खाणींतले तुकडे बाबांनीच जमवून आणले. मी ते कुटले, चाळले, वाळवले, डब्यांत भरून डबे हवाबंद केले. बत्तीस डबे.

पहिल्याच दिवशी सरांनी गाव विचारलं होतं. मग विचारलं, "वाडी कुठची?" आमच्याकडे हा प्रश्न पत्त्यासाठी नसतो. मी सांगितलं, बौद्धवाडी. सरांनी मान हलवली. त्यानंतर माझ्या वहीला त्यांनी कधी हात लावला नाही. टेबलावर ठेव म्हणायचे, पानं तूच उलट. बाकीच्यांच्या वह्या ते हातात घेत. पट्टीच्या दिवसापर्यंत मी स्वतःला सांगत होते, सवय असेल त्यांची.

पुढच्या महिन्यात सेमिनार होता. मुंबईहून शास्त्रज्ञ येणार होते. माझं काम मिहीर मांडणार, असं सरांनी ठरवलं. मिहीर माझ्याच वर्गातला, त्याचे वडील संस्थेच्या कमिटीवर. त्याने एक डबा उचलला नव्हता. मी विचारायला गेले तर सर म्हणाले, "तू 'रीडिंग आलं' नाही, 'रीडिंग आला' म्हणतेस. पाहुण्यांसमोर शोभेल का ते?"

मला चहाच्या ट्रेवर नेमलं.

पडद्यावर माझे आकडे आले. माझे तक्ते आले. कामगारांच्या मागे उभं राहून मी काढलेला खाणीचा फोटो आला. नाव मिहीरचं, खाली सरांचं. मी दाराशी ट्रे धरून उभी.

पाहुण्यांत एक वयस्क बाई होत्या. त्यांनी विचारलं, डबे बंद केल्यावर मोजायच्या आधी किती दिवस थांबलात, आणि का? मिहीर म्हणाला, लगेच मोजलं. बाईंनी पुन्हा विचारलं. तो सरांकडे बघू लागला. सरांनी मला बोटाने खुणावून जवळ बोलावलं.

"जा, त्याच्या कानात सांग."

मी ट्रे पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. मिहीरजवळ गेले. त्याने कान पुढे केला. मी माईक ओढला.

"डबे मी भरले. उत्तर मीच देईन. माझ्या नावाने."

सर हळूच म्हणाले, "तू चहाचं बघ."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सांगितलं, की चिऱ्यातून एक वायू निघतो, तो डब्यात कोंडून राहायला हवा, म्हणून महिनाभर थांबायचं. "मगच रीडिंग खरा येतो."

मागे कोणीतरी हसलं. मी परत म्हटलं, "रीडिंग खरा येतो."

बाईंनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि सरांना म्हणाल्या, "पुढे चला." बस, एवढंच. जेवताना त्या सरांच्या शेजारी बसल्या होत्या.

घरी सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाव घेतलानी काय तुझा?" मी म्हटलं, मीच घेतला. बाबा म्हणाले, "मग बरा झाला." आई मात्र रडली. वर्ष जाईल गो, म्हणाली.

वर्ष गेलं. सेमिनारच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडची प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. बेशिस्त, असं कारण दिलं. मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली, पट्टीची आणि सेमिनारची, दोन्ही. तिघांची समिती बसली. त्यांनी मला विचारलं, पट्टी हाताला लागली का? वळ उठला का? शाळांच्या शिक्षकांनी म्हणे काही ऐकलं नव्हतं. मिहीर म्हणाला, सर गंमत करतात. चुलतभावाच्या मुलीने चार ओळी लिहून दिल्या होत्या. तिचं वय लहान म्हणून त्या विचारातच घेतल्या नाहीत.

शेवटी प्राचार्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'गैरसमजातून केलेली तक्रार मागे घेत आहे.' सही केली की परीक्षेला बसता येईल, म्हणाले. पेनाचं टोपणही त्यांनीच काढून दिलं.

मी म्हटलं, "माझा काही गैरसमज झालेला नाही."

मिहीर पास झाला. सर अजून तिथेच आहेत. माझी तक्रार मी विद्यापीठाकडे पाठवली आहे. उत्तर नाही आलं तर परत पाठवीन.

त्या प्रयोगशाळेचा जो कार्यक्रम सर्वांसाठी खुला असतो, त्याला मी जाते. एकदा शिपायाने अडवलं. मी पत्रकावरचं 'सर्वांना प्रवेश' दाखवलं आणि आत गेले. पहिल्या रांगेत बसते. हात वर करते. सर दुसऱ्यांना बोलावतात. मी हात खाली घेत नाही. दंड दुखतो, तरी नाही. शेवटी कोणीतरी पाहुणा विचारतोच, यांचं काय म्हणणं आहे?

मग मी उभी राहते आणि विचारते.

सर निवृत्त होईपर्यंत जाणार आहे. त्यानंतर त्यांच्या खुर्चीवर जो बसेल, त्याच्यासमोरही.