पहिली प्रत लेखकाच्या हाती

मंगळवार पेठेतल्या आमच्या छोट्या प्रकाशनगृहातले न खपलेले गठ्ठे कधीतरी हलतात. किस्से मात्र साचतच राहतात. प्रकाशक आप्पा आणि मुद्रिते तपासणारा मी, एवढाच आमचा संसार. अलीकडे साचलेले बरेचसे किस्से मलकापूरच्या गुरुजींच्या पुस्तकाभोवतीचे आहेत.

*

आप्पांचा एक दंडक आहे. पहिली प्रत बांधणीवाल्याने गुंडाळून द्यायची, आप्पांनी आणि मी ती एसटीने लेखकाच्या घरी न्यायची आणि वेष्टन लेखकानेच सोडायचे. तोवर ती आम्हीही पाहायची नाही.

हुपरीच्या एका कवीचा व्यवसाय पैंजण घडवण्याचा. त्याने वेष्टन सोडले आणि पुस्तक न उघडताच तळहातावर तोलले. "भरतंय की, आप्पा!" एवढेच म्हणाला. त्याहून नेमके परीक्षण त्या संग्रहाला पुढे लाभले नाही.

*

आप्पा मुद्रिते मोठ्याने वाचतात, मी हस्तलिखिताशी ताडून पाहतो. गुरुजींच्या शाळेच्या आठवणी अशाच चालल्या असता शेजारच्या गिरणीवाल्याने खिडकीतून डोके आत घातले.

"आप्पा, वादळात शाळेचा पत्रा उडाला. पुढं काय झालं?"

"पुस्तक निघालं की घ्या."

"घेतो की! पर पोरं सुखरूप हायत न्हवं?"

*

गुरुजी शब्दांच्या बाबतीत माझ्याहून कठोर. दर मुद्रितात पहिले प्रकरण बदलत. ‘भीती’ खोडून ‘धास्ती’. पुढच्या खेपेस पुन्हा ‘भीती’. प्रत्येक वेळी आप्पा ते प्रकरण नव्याने वाचत.

"गुरुजी, आता सोडा की पुस्तक!"

"चुकीचा शब्द एकदा पोरांच्या तोंडात बसला की निघत न्हाय, आप्पा."

मग गुरुजींची दृष्टी गेली, पाठोपाठ त्यांनी अंथरूण धरले. मुलाचा फोन आला. "दादा रोज इचारत्यात, आलं का पुस्तक? डॉक्टरांनी आशा सोडलीया. हातात तरी पडू द्या."

*

आप्पा बांधणीवाल्यासमोर जाऊन उभेच राहिले.

"डिंक वाळाय नको व्हय?"

"वाळंल गाडीत. गुंडाळ!"

घाईत त्याने हाताशी आलेली प्रत गुंडाळून दिली.

मलकापूरला गुरुजींनी वेष्टन सोडले. मुखपृष्ठावरून बोटे फिरवली, कागदाचा वास घेतला, आणि पुस्तक आप्पांपुढे धरले. "पहिलं प्रकरण वाचा."

आप्पांनी ते उघडले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिले. पाने कोरी होती! पुस्तकाची जाडी ठरवण्यासाठी आधी कोऱ्या कागदांची एक डमी बांधतात. मुखपृष्ठ बसते का, हे पाहायला तेही तिच्यावर चढवतात. आम्ही ती घेऊन आलो होतो.

आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि वाचायला सुरुवात केली. वादळ, उडालेला पत्रा, बाकांखाली दडलेली पोरे. एक शब्द सुटला नाही. जिथे अखेर ‘भीती’ ठरली होती, तिथे ‘भीती’च आली. गुरुजींचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

प्रकरण निम्म्यावर आले, तेव्हा गुरुजींनी हात किंचित वर केला.

"आप्पा, पान उलटा की. मगापासनं एकाच पानावर हायसा!"