मागचे आवाज

हेडफोनताईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे ऑफिसात पाण्याचे जार आणणारा माणूसही सांगेल. पण त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून त्या बाहेर पडल्या, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि ती रास्त होती.

रेडिओ केंद्राच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संगणकावरचा संग्रह, तिथे ताईंचं काम. सिस्टीमबरोबर आलेले रकाने सरळ होते: कार्यक्रमाचं नाव, मुख्य कलाकार, तारीख, लांबी. ताईंनी पहिल्याच वर्षी भांडून स्वतःचा एक रकाना वाढवून घेतला, 'मागचे आवाज'. कारण टेपवर गाणारा कधीच एकटा नसतो. कुणी आधी "शांतता" म्हणतं, कुणी चुकल्यावर ओरडतं, कुणी दार आपटतं आणि वर सॉरी म्हणतं. या माणसांची नावं कुठेच लिहिलेली नव्हती. ताई टेप पुन्हा पुन्हा ऐकत, निवृत्त लोकांना फोन लावून ऐकवत, आणि हा कोण, काय म्हणाला, कसा म्हणाला, ते त्या रकान्यात लिहीत. नवरा म्हणायचा, "आमची हाक हिला ऐकू येत नाही, पण परक्यांचं पन्नास वर्षांपूर्वीचं खोकणं बरोबर ऐकू येतं." ताईंना हा विनोद आवडत नसे, म्हणून तो हमखास करी.

तर साहेबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "संग्रह नव्या सिस्टीमवर न्यायचाय. जे रकाने कुणाच्या उपयोगाचे नाहीत, ते सोडून देणार. तुमच्या 'मागचे आवाज'मधून आजवर एकालाही काही सापडलेलं नाही."

"असं कसं होईल?"

"आकडे खोटं बोलत नाहीत, ताई. मनाला लावून घेऊ नका. हौस म्हणून छानच होतं."

हौस! इतकी वर्षं कानांचा भुगा करून घेतला ती हौस! ताईंनी रिपोर्ट उचलला आणि तरातरा जिना उतरल्या.

या ऑफिसची एक रीत होती. वरच्या मजल्यावर नोंदी भरायच्या आणि खालच्या काउंटरवर शोधायच्या. वरच्यांनी कधी शोधून पाहिलं नाही, खालच्यांनी कधी भरून पाहिलं नाही, आणि ऑफिस आपल्यामुळेच चालतं असं दोन्हीकडे वाटे. ताईही त्यातल्याच. काउंटरच्या खुर्चीत त्या आज पहिल्यांदा बसल्या.

सकाळी स्वतः भरलेलं एक नाव त्यांनी टाईप केलं. 'काहीही सापडलं नाही.' पहिल्या वर्षी भरलेलं टाकलं. तेच उत्तर.

"नेहमी असंच येतं," काउंटरबाई म्हणाल्या. "मग आम्ही लोकांना नाही म्हणून कळवतो."

ताई संगणकवाल्याच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याने दोन खिडक्या उघडल्या आणि निवांतपणे म्हणाला, "सगळं जागेवर आहे की, ताई. अक्षर हललेलं नाही. फक्त इंडेक्समध्ये घेतलेलं नाहीये. मूळचे रकाने सिस्टीम आपोआप घेते. आपण वाढवलेला असला तर तसं वेगळं सांगावं लागतं. नाहीतर ती साठवते, पण शोधताना तिकडे बघतच नाही."

"मग सांगितलं का नाहीस तिला?"

"रकाना वाढवा, एवढंच आलं होतं माझ्याकडे. शोधताही यायला हवा, असं कुणी म्हणालंच नाही."

"अरे, शोधायचं नाही तर लिहिलेल्याचं काय लोणचं घालायचंय?" ताईंचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. "सापडत नाही म्हणून कुणाच्या उपयोगाचं नाही, आणि उपयोगाचं नाही म्हणून टाकून द्या! चोर सोडून संन्याशाला फाशी! घे इंडेक्समध्ये. आत्ता. मी इथून हलणार नाही."

त्या हलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत नवा इंडेक्स तयार झाला आणि तीच नावं टाकल्यावर पडदा भरून नोंदी आल्या. साहेबांनी रकाना ठेवायचं कबूल केलं. माफीचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

ताईंचा राग तरी उतरेना. आजवर किती जणांना नाही म्हटलं असेल? काउंटरवरून नकार गेलेल्या चौकशा त्यांनी मागवल्या आणि एकेक शोधायला बसल्या. पहिली सापडली ती एका ध्वनिमुद्रकाच्या बायकोची. नवरा गेलेला. जन्मभर त्याने दुसऱ्यांचे आवाज टिपले, त्याचा आवाज मात्र घरात कुणी टिपला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्या इथे येऊन रिकाम्या हाताने परतल्या होत्या. ताईंनी स्वतः फोन करून बोलावलं.

आजी सुनेचा हात धरून आल्या. ताईंनी हेडफोन पुढे केले, तशी सून हळूच म्हणाली, "गेल्या वर्षापासून त्यांना काहीच ऐकू येत नाही. तुमचा फोन मीच घेतला होता. ऐकायला बोलावलंय असं लिहून दाखवलं, तरी म्हणाल्या, जायचंच."

ताईंनी हेडफोन परत टेबलावर ठेवले.

"मी आले होते तेव्हा ऐकू येत होतं मला," आजी मोठ्याने म्हणाल्या. काउंटरवरची माणसं वळून बघू लागली. "त्या बाईने बटण दाबलं आणि नाही म्हणाली. होतं का तेव्हा इथे?"

ताईंनी मान हलवली. होतं.

"मग लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

ताईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. आजींनी चष्मा सारखा केला आणि ओळीखाली बोट धरून वाचलं: 'ध्वनिमुद्रक, गायिकेला: "आधी पाणी प्या. सावकाश होऊ द्या. मला घाई नाही." आवाज खालचा, किंचित घोगरा. शेवटी हसू.'

"घाई नाही?" आजी भडकल्या. "घरात सदा आवर, आवर! उभ्या जन्मात मला कधी सावकाश म्हणाले नाहीत, आणि इथे परक्या बाईला घाई नाही!"

सुनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो झटकून त्यांनी डोळे पुसले, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.