पिठाच्या डब्यातली बरणी

पालकाच्या वाटणात साय पडली की मऊ, दुधाळ वास सुटतो आणि मला लग्नानंतरची एक दुपार आठवते. कोल्हापूरच्या या घरात मी पहिल्यांदाच पालक पनीर केलं होतं, माझ्या माहेरी करतात तसं, तिखट अगदी बेताचं. सासऱ्यांनी एक घास खाल्ला आणि इकडंतिकडं बघत विचारलं, "चटणी कुठं हाय?" कांदा-लसूण चटणीशिवाय त्यांना जेवण जातच नसे.

"संपली की," सासूबाई म्हणाल्या. "खावा तसंच. झ्याक झालंय."

सगळ्यांनी पातेलं पुसून खाल्लं. मी हरखून गेले. संध्याकाळी भाकरीचं पीठ काढायला डब्यात हात घातला, तर तळाशी चटणीची गच्च भरलेली बरणी लागली. माझी भाजी सपक झालीय हे सासूबाईंना आधीच कळलं होतं, आणि तिच्यावर कुणी चटणी मागून मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी बरणीच लपवली होती. तेव्हा मला रडूच आलं.

आता डॉक्टरांनी सासूबाईंचं तिखट बंद केलंय. आज ताटातलं पालक पनीर बघून त्या म्हणाल्या, "चटणी दे की जरा."

"संपली की, आई."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मग माझ्या कोपराला लागलेलं पीठ पदरानं पुसत म्हणाल्या, "वाढ मग तसंच."