आक्कांच्या दादाचा दिल्लीतला दिवा

"त्याचा दिवा दिल्लीला हाय. म्या हितं आनि दुसरा कावून लावू?"

दिवाळीच्या अवसेला आक्कांच्या तोंडून हे ऐकलं नाही असा माणूस केजच्या आमच्या गल्लीत सापडायचा नाही. घरातल्या गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावानं त्या संध्याकाळी उंबऱ्यात एकेक पणती लावायच्या. सासूची, सासऱ्याची, नवऱ्याची. फक्त दादाची नाही. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. घरी तार आली, दादा आला नाही. पुढं कुणीतरी त्यांना सांगितलं की दिल्लीत इंडिया गेटच्या कमानीखाली अशा जवानांसाठी ज्योत लावलीय, ती रात्रंदिवस जळते. झालं! आक्कांनी दादाची पणती कायमची बंद केली.

"दोन ठिकाणी दिवा दिसला की गेलेलं माणूस गोंधळतंय बघ," त्या मला समजावायच्या. "कुठं यावं, त्येला कळत न्हाई."

त्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि शेजारी माझं झेरॉक्सचं. आता त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. आक्का मागच्या पावसाळ्यात वारल्या. बांगडी भरताना बाई "दुखतंय" म्हणाली की आक्का म्हणायच्या, "हात तुजा हाय, पर बांगडी माजी हाय," आणि खसकन चढवून मोकळ्या व्हायच्या. असल्या माणसाशी वाद कोण घालणार? तुमच्याही गल्लीत असेलच कुणीतरी. मी आपला मान डोलवायचो.

त्या जायच्या आधीच्या हिवाळ्यात गल्लीतल्या आम्ही काही जणांनी हरिद्वारची यात्रा काढली. येताना दिल्लीत एक दिवस मुक्काम होता. आक्कांनी गंगेत घाईघाईनं बुडी मारली, पण जरीकाठाचं नवं लुगडं काही पिशवीतून काढलं नाही. ते दिल्लीसाठी होतं.

दिल्लीत आमची जी त्रेधा उडाली ती काय सांगू! कुठली इमारत कुणाची, कुठल्या फाटकानं शिरायचं, कशाचा पत्ता नाही. बसवाल्यानं आधी राजघाटावर नेऊन सोडलं. तिथं काळ्या दगडापाशी ज्योत जळत होती. आक्कांनी ती पाहिली मात्र, पदर तोंडाला लावून "दादा रं" म्हणत जो हंबरडा फोडला, आजूबाजूची माणसं चपापली.

मी घाबरून म्हणालो, "आवो आक्का, ही गांधीजींची समाधी हाय."

रडं जागच्या जागी थांबलं. माझ्यावरच उखडल्या, "आधी सांगाया काय झालतं तुला? निम्मं रडून झालं माजं." मग समाधीकडं वळून हात जोडले. "आसू द्या बाबा, तेवढं तुमच्या नावचं."

पुढं राष्ट्रपती भवन लांबूनच दाखवलं. "एवढ्या घराची झाडलोट कोण करतंय?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांचा जीव कमानीत अडकला होता.

कमान दिसली तशा त्या आमच्या सगळ्यांच्या पुढं निघाल्या. कमानीखाली ज्योत नव्हती. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. मला वाटलं, आपण भलत्याच कमानीशी आलो की काय. शेवटी माझ्या मोडक्या हिंदीत रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, ज्योत आता इथं नसते, काही वर्षांपूर्वी शेजारच्या नव्या युद्ध स्मारकात नेली.

"पेटती नेली का इझवून नेली?" आक्कांनी विचारलं.

नवरात्रातला अखंड दिवा हलवायचा झाला तर आपण काय करतो? दुसऱ्या वातीवर घेतो, विझू देत नाही. विझला तर तो दिवा तो राहत नाही. आता हे त्या माणसाला हिंदीत कसं सांगायचं? मी जमेल तसं सांगितलं. तो म्हणाला, "वहाँ की ज्योति में मिला दी."

"मिळवली म्हंजे? पीठ हाय का मिळवाया?"

मी मोबाइल काढला. एकानं लिहिलं होतं विझवली, दुसऱ्यानं लिहिलं होतं विलीन केली. माझंच डोकं गरगरायला लागलं.

आक्का तिथंच खाली बसल्या. एवढी खणखणीत बाई, पण आवाज पार बसला होता.

"नेली बी आसंल पेटती. पर त्येला कुनी सांगितलं का? त्यो हितंच येत आसंल की रं. येतोय, बघतोय, तर अंधार. घरी जावं म्हनतोय, तर घरी बी म्या पनती लावली न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तिकडं भिंतीवर नावं लिवलीत, आक्का. दादाचं नाव हुडकू."

"नाव मला पाठ हाय. नाव वाचाया कशाला येईन मी एवढ्या लांब?"

गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला, कमानीकडं तोंड केलं आणि घर बदलताना देवाला सांगतो तसं मोठ्यानं म्हणाल्या, "दादा, दिवा हलवलाय रं. हितं थांबू नगंस. माज्या मागं मागं ये."

फोटो काढणारी माणसं बघायला लागली. आक्का वळल्या आणि स्मारकाच्या दिशेनं चालू लागल्या. मी हाक मारली तरी वळेनात. "मागं बघाया लावू नगं. मागं बघितलं की आलेलं माणूस माघारी जातंय."

मी त्यांच्या बरोबरीनं निघालो. हे खरं मानावं की खुळ्यात काढावं, मला काही कळत नव्हतं. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी मान सरळ ठेवूनच विचारलं, "बघ बरं तू. येतोय का त्यो?"

मी वळून पाहिलं. फुगेवाला होता, कुल्फीची गाडी होती, पोरांना खांद्यावर घेतलेली माणसं होती. दादाला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"येतोय, आक्का," मी म्हणालो.

"मंग हळू चाल जरा," त्या म्हणाल्या. "त्येला वाट नवी हाय."