चिंतामणरावांची जीभ

चिंतामणराव खळदकरांना आमटीत मीठ नसलं तरी कळत नसे. हे मी ऐकीव सांगत नाही. लोणावळ्यात आमचं आणि त्यांचं जोडघर होतं, व्हरांडा एकच, मध्ये नुसती लाकडी जाळी. त्यांची बायको शैला टायफॉइडनं अंथरुणाला खिळली तेव्हा पंधरा दिवस ते आमच्याकडे जेवायला होते. एकदा घाईत मी आमटीत मीठ घालायचं विसरले. आमच्या ह्यांनी पहिल्या घासाला माझ्याकडे पाहिलं. चिंतामणराव दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, आज आमटी फर्मास." अशा जिभेचा हा माणूस १९६६ साली बर्बनचा जाणकार झाला.

नुसतं व्हिस्की म्हटलेलं त्यांना खपत नसे. "सगळी बर्बन व्हिस्कीच असते, पण सगळी व्हिस्की काही बर्बन नसते," हे वाक्य त्यांनी आमच्या दूधवाल्यालाही ऐकवलं होतं. खंडाळ्याला एका कंपनीच्या विश्रामगृहाचे ते व्यवस्थापक. चादरी मोजायच्या, खानसाम्यावर ओरडायचं आणि मुंबईहून साहेब आले की गाडीचं दार उघडायचं, हे काम. दार उघडण्यात त्यांचा हातखंडा होता. उघडता उघडता साहेबांच्या तोंडचे शब्द ते टिपून घेत आणि संध्याकाळी घरी आणून आमच्यावर टाकत. एका पावसाळ्यात 'ॲक्चुअली' आणलं, ते दिवाळीपर्यंत पुरलं.

त्या साली डॉबसन नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर घाटाखालच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आला आणि सात महिने विश्रामगृहात राहिला. जाताना त्यानं चार जातींच्या चार बर्बनच्या बाटल्या चिंतामणरावांना देऊन टाकल्या. मला विचाराल तर विमानात सामान जड होत असावं. चिंतामणराव म्हणत, "त्यानं माझ्यातली पारख ओळखली." बाटल्यांबरोबर डॉबसननं त्यांना पाच-सहा शब्दही दिले: व्हॅनिला, जळकी साखर, मध, धूर, ओकचं लाकूड. व्हॅनिला त्यांनी मुंबईला एकदा आइस्क्रीममध्ये खाल्लं होतं. ओकचं झाड जन्मात पाहिलं नव्हतं. तरी या भांडवलावर त्यांनी दुकान थाटलं.

दर रविवारी चार वाजता बैठक. चिंतामणराव, रेल्वेच्या मालधक्क्यावरचे माधवराव आणि, सांगायला लाज वाटते, आमचे हे. टेबलावर पांढरी चादर, ती विश्रामगृहाची. प्रत्येकापुढे कोजागिरीच्या दुधाचे चार छोटे ग्लास. बाटल्यांची खरी नावं त्यांना उच्चारता येत नसत, म्हणून चौकोनी, बुटकी, लांबमानी आणि पिवळी अशी घरगुती नावं पडली होती. कोणत्या ग्लासात कोणती आहे हे ओळखायचं, हा खेळ. म्हणून ओतायचं काम आतल्या खोलीत शैलाकडे. औषधाच्या मापानं एकेक औंस ओतून, ट्रे घेऊन तिनं बाहेर यायचं आणि कुणाला काही न सांगता उभं राहायचं. मग चिंतामणराव ग्लास नाकाशी नेत, डोळे मिटत आणि वहीत लिहीत. दोन घोटांच्या मध्ये जीभ कोरी व्हावी म्हणून चिक्कीचा तुकडा. गुळाची चिक्की चावून जीभ कोरी होते हा शोध त्यांचा एकट्याचा.

बायडाबाई तुंगार्लीच्या वरच्या ठाकरवाडीतली. दोन्ही घरची भांडी तीच घासायची. तिचा नवरा कोंडू रोज संध्याकाळी वाडीच्या वाटेवर कुठे ना कुठे आडवा सापडायचा, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार मोठा. ते चार-चार ग्लास घासताना एकदा तिनं एक हुंगला.

"बाई, ह्याला तर नव्या कपाटाचा वास येतोय," ती शैलाला म्हणाली.

"अगं, लाकडाच्या पिंपात ठेवतात म्हणे वर्षानुवर्षं."

"मंग सायब काय लिवत्यात एवडं?"

"वासच लिहितात."

बायडाबाईनं थोडा विचार केला. "आमच्या वाडीत मानसं पिऊन पडत्यात. ही पिऊन लिवत्यात. पडलेलं बरं वो, सकाळी उटून कामाला तरी जातंय."

शैला हसली. तिला हसायला फारसं काही नव्हतं त्या दिवसांत. माझ्यासारखीच तीही लग्नाआधी बी. ए. झालेली, तळेगावला दोन वर्षं शाळेत शिकवलेली. लग्नानंतर चिंतामणरावांनी नोकरी बंद केली, कारण 'व्यवस्थापकाच्या बायकोला शोभत नाही'. आता मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली होती, शैलाला एकेचाळिसावं लागलं होतं, आणि आमच्या इथल्या मुलींच्या शाळेत मराठी-इतिहासाची एक जागा दिवाळीनंतर रिकामी होत होती. तिनं अर्ज केला तो मला दाखवून, नवऱ्याला न सांगता. या नोकरीत तिचा किती जीव अडकला होता हे मला तिच्या ओट्यावरून कळे. पोळ्या लाटताना समोरच्या डब्याला पुस्तक टेकवून ती धडे वाचायची, आणि पुस्तकाला पिठाची बोटं लागलेली असायची.

त्याच भरात एका रविवारी ती चुकली. चारही ग्लास तिनं बुटकीतूनच भरले. ट्रे बाहेर ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. जाळीशी येऊन तिनं ते मला हळूच सांगितलं, आणि मी नुसतं बोट ओठांवर ठेवलं. बाहेर चिंतामणरावांनी पहिल्यात मध काढला, दुसऱ्यात धूर. तिसरा त्यांना "जरा उथळ" वाटला. चौथा त्यांनी दोनदा हुंगला.

"माधवराव, ही पिवळी. हिच्यापुढे त्या तिघी म्हणजे पाणी."

"अगदी," माधवराव म्हणाले. माधवरावांना पहिल्या ग्लासानंतर सगळंच अगदी असे.

आमचे हेही मान डोलावत होते. त्या रात्री मी त्यांना वाढताना एक शब्द बोलले नाही, आणि तो अबोला कशाबद्दल हे त्यांना अजून माहीत नाही.

नोव्हेंबरात खंडाळ्याच्या कुणाच्या तरी बंगल्यावर छापा पडला. तेव्हा आपल्याकडे दारूबंदी होती. प्यायची तर सरकारी परवाना हवा, आणि परवान्यासाठी डॉक्टरनं लिहून द्यायला हवं की या माणसाच्या प्रकृतीला दारू लागते. चिंतामणरावांचा परवाना होता, पण त्यावर घरात दोनच बाटल्या ठेवता येत, आणि कपाटात होत्या चार. छाप्याची बातमी ऐकून त्यांचा चेहरा चादरीसारखा झाला. उपाय माधवरावांनी सांगितला. त्यांनी स्वतःच्या आईच्या नावावर दुसरा परवाना काढला होता. म्हातारी चातुर्मासात कांदासुद्धा शिवत नसे; कागदोपत्री मात्र तिला दारूवाचून झोप लागत नव्हती.

"तुमच्याकडे वहिनी आहेत की," माधवराव म्हणाले.

चिंतामणरावांनी फॉर्म आणला आणि शैलापुढे ठेवला. "रेशनकार्डासारखंच असतं ते. खाली सही कर."

शैलानं तो इंग्रजी फॉर्म शेवटपर्यंत वाचला. "यात लिहिलंय की मला दारूची सवय आहे."

"लिहिलंय. म्हणून काय खरं झालं?"

"मी शाळेत अर्ज केलाय," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी मुलाखत आहे. ही सही करून मी मुलींपुढे उभी राहायची?"

अर्जाची बातमी चिंतामणरावांना अशी कळली. ते रागावले नाहीत. त्यांनी उदारपणे तोड सुचवली, "मग शाळेचं पुढच्या वर्षी बघू."

शैला उठून आत गेली. सही तिनं केली नाही. ती चिंतामणरावांनीच केली, तिच्या नावानं, आणि फॉर्म डॉक्टर मेढेकरांच्या दवाखान्यात नेऊन दिला. आता मेढेकर हे गावातले जुने डॉक्टर, आणि मुलींच्या शाळेच्या समितीवरही तेच. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. व्हॅनिला ओळखणाऱ्याला मात्र सुचलं नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी शैलाला बोलावणं पाठवलं. ती मला सोबत घेऊन गेली. डॉक्टरांनी कंपाउंडरला बाहेर घालवलं, दार लावलं आणि फार हळू आवाजात विचारलं, "वहिनी, संकोच करू नका. किती दिवसांपासून घेता?"

त्यांच्या टेबलावर तो फॉर्म होता. शैलानं खालची सही पाहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता ती सगळं सांगते. सांगितलं असतं तर खोट्या सहीसाठी चिंतामणरावांची नोकरी गेली असती, आणि गप्प राहिली असती तर तिची.

"ही सही माझी नाही," ती म्हणाली.

"मग कुणाची?"

"ते विचारू नका. कागद मला परत द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. त्या एका मिनिटात त्यांना चिंतामणराव पूर्ण कळले असावेत. कळायला तेवढंच होतं. कागद त्यांनी तिच्या हातात दिला. "शनिवारी समितीपुढे तुमचं नाव मी बोलेन. पण उद्या कुणी कुजबुजलं की बाईंच्या घरात बिनपरवान्याच्या बाटल्या आहेत, तर माझाही इलाज चालणार नाही. त्याआधी घर स्वच्छ असू द्या. आणि मुलाखतीच्या पत्रात लिहिलंय तसं, यजमानांना बरोबर आणा."

त्या काळी लग्न झालेल्या बाईला नोकरी देताना समिती नवऱ्याला समक्ष बोलावून त्याची हरकत नाही ना, हे विचारून घेत असे. म्हणजे शैलाची नोकरी त्या चार बाटल्या जाण्यावर होती आणि चिंतामणराव येण्यावर.

घरी येऊन तिनं चुलीत फॉर्म टाकला आणि नवऱ्याला सांगितलं, "शुक्रवार संध्याकाळपर्यंत बाटल्या घरातून गेल्या पाहिजेत. आणि शनिवारी अकराला माझ्याबरोबर शाळेत यायचं."

"गेल्या पाहिजेत म्हणजे? मोरीत ओतू?"

"ओता."

चिंतामणरावांना एवढं दुःख स्वतःच्या वडिलांच्या तेराव्याला झालं नव्हतं. त्यांनी बायडाबाईला विचारलं, कोंडूला हव्यात का.

"नगं सायब," ती म्हणाली. "ही पिऊन त्यो बी लिवाया लागला तर मलाच वळखू यायचा न्हाई."

मग त्यांना युक्ती सुचली. शैलानं बाटल्या घराबाहेर जायला हव्या म्हटलं होतं, कुठल्या वाटेनं ते सांगितलं नव्हतं. गुरुवारी आणि शुक्रवारी कामावरून रजा काढून त्यांनी 'अंतिम तुलना' भरवली. आमच्या ह्यांना मी पोटदुखी आणली आणि घरात ठेवलं. माधवराव गुरुवारी दुपारी 'अगदी' म्हणत व्हरांड्याच्या पायरीवरून घसरून खाली बसले, ते शुक्रवारी आलेच नाहीत. उरलं ते सगळं चिंतामणरावांनी एकट्यानं संपवलं, वही उघडी ठेवून. ती वही मी पाहिली. गुरुवारच्या पानावर मध, धूर वगैरे होतं. शुक्रवारच्या पानावर एकच शब्द, चारही रकान्यांवरून आडवा ओढलेला: 'छान'.

शनिवारी सकाळी ते उठू शकले नाहीत. उशाशी बादली, कपाळावर ओला पंचा. शैला हिरव्या काठाची सुती साडी नेसून दारात उभी होती.

"मी असा पडलोय," चिंतामणराव क्षीण आवाजात म्हणाले, "आणि तू जाणार? मला टाकून?"

"बायडाबाई आहे."

"लोक काय म्हणतील?"

शैला चपला घालू लागली. उत्तर बायडाबाईनं दिलं. "काय म्हनायचं, सायब? घरोघरी हायेच की. आमच्यात बी येवडंच करत्यात, फकस्त चादर आंथरत न्हाईत."

मी तिच्याबरोबर शाळेत गेले. खोलीचं दार उघडंच होतं, मी बाहेर बाकावर बसले. समितीचे अध्यक्ष लाकडांच्या वखारीचे मालक होते, स्वभावानं सज्जन, रिवाजाचे पक्के. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यजमान आले नाहीत?"

"नाही."

"मग त्यांची संमती..."

"ती घेऊन मी आलेली नाही," शैला म्हणाली. एकेक शब्द सुटा होता. "तुम्हाला मराठी शिकवणारी बाई हवी आहे. वर्ग दाखवा. आत्ता शिकवते."

मग डॉक्टर मेढेकरांचा आवाज आला. "सातवीच्या बाई आज रजेवर आहेत. मुली गोंधळच घालताहेत."

तिनं सातवीवर चाळीस मिनिटं घेतली. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जी आधी वेणीचं टोक चावत होती आणि मग चावायचं विसरली. अध्यक्ष दाराशी उभे राहिले होते, ते घंटा झाली तरी हलले नाहीत. यजमानांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आम्ही परत आलो तेव्हा चिंतामणराव उठून बसले होते. बायडाबाईनं त्यांना भाताची पेज दिली होती.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. "मी का आलो नाही, हे सांगितलंस ना नीट? तब्येतीचं?"

"नाही. गरज पडली नाही."

"म्हणजे?"

"तुमच्यावाचून झालं," शैला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी असते तर ठेवला असता.

चिंतामणरावांनी पेजेचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "ॲक्चुअली," ते म्हणाले, "पगार किती म्हणाले?"

शैला तोवर स्वयंपाकघरात गेली होती. तिथून ती बायडाबाईला सांगत होती, "सोमवारपासून भांड्यांना सात वाजता ये गं. साडेदहाला मला शाळेत पोचायचं असतं."