कीटण निघालं ती दुपार

सात वर्षं मी दातांच्या डॉक्टरकडे फिरकले नव्हते. कीटण खरवडतानाचा तो करकर आवाज नुसता आठवला तरी दात शिवशिवायचे. पण खालच्या दातांमागे जिभेला दगडासारखा थर लागू लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा मुकाट्याने इथे परदेशात आमच्या नोव्हाय गावातल्या एका क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली.

आत आलेल्या तरुण डॉक्टरने मास्क खाली केला. "मावशी, ओळखलंत? मी तुमच्या मराठी शाळेत होते."

इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत मी शिकवायचे. दोन वेण्या घातलेली ही मुलगी 'बाळ'ला 'बाल' म्हणायची आणि बाकीची मुलं हसली की रडायची.

"मला स्क्रेपिंगची फार भीती वाटते गं," मी कबूल केलं.

"मग लेझरने करू. टिकटिक होईल, पाणी उडेल, बस. शेवटी थोडं हाताने करावं लागेल, पण आय विल गो स्लो."

तिने मला हिरवट काचांचा चष्मा घातला. खिडकीबाहेरचा बर्फ, छत, तिचे हात, सगळं तळ्याच्या तळाशी गेल्यासारखं झालं. गालावर बारीक तुषार येत होते. टिकटिक आधी दातावर होती, मग लांब कुठेतरी. मी डोळे मिटले.

"जीभ वर, मावशी. वर आणि मागे."

'ळ' शिकवताना हेच तर मी म्हणायचे! मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले होते, तोंड उघडून माझी जीभ दाखवत होते. तिचा पुढचा दात पडलेला. ती पुन्हा पुन्हा जीभ वळवून बघत होती, थुंकी उडत होती, आणि मला मुळीच घाई नव्हती. झोप होती की आठवण, मला सांगता येणार नाही.

हिरडीत टोचलं तशी मी दचकले.

"कळ आली का?" तिने विचारलं.

कळ! किती स्वच्छ उच्चार! माझ्या तोंडात तिचा आरसा होता, काही बोलता येईना. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. दुखलं असं वाटून ती बिचारी थांबली. मी हातानेच खूण केली, चालू दे.

हिरड्यांचं रक्त पुढे पंधरा दिवसांत थांबलं. त्या दुपारी बाहेर पडले तेव्हा दातांमधल्या मोकळ्या फटींतून थंड हवा आत शिरली, आणि मी उगाचच तोंड उघडं ठेवून गाडीपर्यंत सावकाश चालत गेले.