वन्संचं दुसरं ऑपरेशन

जगात गुपित नावाची काही वस्तू असते, यावर माझ्या थोरल्या वन्संचा विश्वासच नव्हता. त्या लोणावळ्याला असतात आणि शनिवार-रविवारी तुंगार्लीतल्या बंगल्यांवर उतरणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक करतात. पहिली भाकरी ताटात पडायच्या आत त्या पाहुण्यांना आमच्या भावोजींच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, मूळव्याधीची सविस्तर हकीकत कळलेली असायची. एकदा शिरगावच्या साईबाबांच्या मंदिरात मी त्यांच्यासोबत रांगेत उभी होते. त्यांनी पुढच्या बाईला आपला गुडघा साडीवरूनच दाखवला आणि सल्ला विचारला. मग मागचीला विचारला, मग तिच्या सासूला. आमची पाळी येईपर्यंत रांगेतल्या बायकांचे एरंडेलवाल्या आणि निर्गुडीवाल्या असे दोन तट पडले होते, आणि दर्शन घेऊन बाहेर आल्यावर वन्सं दोन्ही तटांना सोडून मेडिकलमधून मलम घेऊन मोकळ्या झाल्या. सल्ला सगळ्यांचा घ्यायचा आणि करायचं आपल्या मनाचं, ही त्यांची रीतच. सल्ला देणाऱ्यालाही त्याचं वाईट वाटत नसे, कारण तोवर वन्संनी त्याच्या घरची चार दुखणी ऐकून घेतलेली असत.

पोटाचंही तसंच झालं. तीन बाळंतपणं, त्यात शेवटची जुळी. पोट सुटलं नव्हतं, लोंबत होतं. उन्हाळ्यात त्या वळीखाली कातडी सोलवटायची आणि त्या पावडर थापून पुन्हा चुलीपुढे उभ्या राहायच्या. मग एका शनिवारी बंगल्यावरच्या एका पोरसवदा पाहुणीने त्यांना अगदी मायेने विचारलं, "मावशी, कितवा महिना?" वन्संना तेव्हा नातू होता. हा किस्सा आम्हाला त्यांनीच हसून हसून सांगितला. "म्या म्हटलं, जुळी हायेत," असं म्हणून त्या पुन्हा हसल्या. पण त्यानंतर त्या बंगल्यावर पाहुण्यांकडे पाठ करून भाकरी थापायला लागल्या, हे त्यांच्यासोबत काम करणाऱ्या बाईने मला सांगितलं.

पुण्याच्या एका दवाखान्यात पोट कमी करायचं ऑपरेशन ठरलं. टमी टक हा शब्द वन्संनी इतक्या जणींना ऐकवला, की आमच्या बेगडेवाडीच्या स्टेशनवर भाजी विकणारीसुद्धा तो न अडखळता म्हणायला लागली. फक्त एका माणसाला सांगायचं नाही अशी त्यांनी आम्हाला शपथ घातली. ते माणूस म्हणजे त्यांची आई, माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडेच असत. लेकरं वागवलेलं पोट कापून टाकलंस, असं आई म्हणेल आणि ते आपल्याला सोसणार नाही, असं वन्संचं म्हणणं होतं. आयुष्यातलं पहिलंच गुपित, तेही आईपासून.

ऑपरेशन झालं, पण मनासारखं झालं नाही. जखमेत पाणी साचलं, एका कडेला टाके उसवले, पट्टा बांधून दिवस काढावे लागले. सूज उतरल्यावर दिसलं की बेंबी डावीकडे सरकलीय आणि टाक्यांच्या दोन्ही टोकांना कातडीचे कानांसारखे फुगीर कोपरे राहिलेत. वन्संनी आधी त्याचीही गंमत केली. म्हणाल्या, पोटाला कान फुटले, आता त्याच्यासमोर जपून बोलायचं.

आणि त्याच दिवसांत सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला.

वन्सं पट्ट्यासकट आल्या. वाकायचं नाही, उचलायचं नाही, खाली बसायचं नाही असं त्यांना बजावलेलं. सासूबाईंचं अंथरूण जमिनीवर, कारण खाटेवरून त्या घसरायच्या. वन्सं दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसून राहत. आईला पाणी मी पाजायची, कूस मी बदलायची, आणि वन्सं तिथून नुसतं बघायच्या. सासूबाईंची जीभ जड झाली होती, पण तेवढं त्यांनी बरोबर विचारलं, "लांब का बसलीस?"

"कंबर धरलीय, आई," वन्सं म्हणाल्या.

 सासूबाई चांगला हात तेवढा अंथरुणाच्या कडेवर ठेवून पडून राहिल्या. वन्संनी उठायचा प्रयत्न केला, तर पट्ट्याखालून पाणी झिरपलं आणि आमच्या यांनी त्यांना धरून परत बसवलं. पट्टा सुटायच्या आतच सासूबाई गेल्या.

वर्ष सरत आलं तेव्हा वन्सं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. येताना लोणावळ्याला न जाता बेगडेवाडीला उतरून आमच्याकडे आल्या. मी चहा टाकला. त्यांनी सांगितलं, डॉक्टरीणबाई शांत होत्या. कडेचे कान जागा बधिर करून काढता येतील म्हणाल्या. बेंबी हलवता येईल, पण नवा व्रण राहील, आणि अगदी मनासारखं होईलच असा शब्द देत नाही म्हणाल्या. हे सगळं वन्संनी नीट सांगितलं. मी वाट बघत होते, आता त्या माझं मत विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

"म्या बाईंना इचारलं, वाकाया कवा येईल," त्या म्हणाल्या. "बाई म्हणल्या, लवकरच येईल, या टायमाला लय दिवस न्हाई लागायचे." त्यांनी कप बशीत ठेवला. "आता कुणापाशी वाकायचंय?"

भावोजी म्हणाले, करून घे. लेक म्हणाली, तुला बरं वाटत असेल तर कर. तारीखही मिळाली होती. वन्संनी फोन करून ती रद्द केली. पोट जसं आहे तसं आवडलं म्हणून नव्हे. कान त्यांना अजून खुपतात, साडी नेसताना त्या निऱ्या तिथे दोनदा ओढतात.

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला त्या आदल्या दिवशीच आल्या. ज्या खोलीत आईचं अंथरूण होतं तिथली फरशी त्यांनी बसून, वाकून, फडक्याने पुसली. मी पोछा पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. सगळे कोपरे झाले, मग त्या भिंतीला टेकल्या. कुशीवर, टाक्यांच्या टोकाशी, हात होता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"व्हय."

"गरम पाण्याची पिशवी आणू?"

"नगं. दुखू दे वाईच."

मी पिशवी आणली नाही. ओल्या फरशीवर त्यांच्याशेजारी बसले.